तंबूची विजार आणि लेव्ही स्ट्रॉस: वडाची साल पिंपळाला

सकाळच्या सुविचारांबरोबर मोबाइलवर येऊन पडणाऱ्या स्फूर्तिकथांमध्ये जीन्सच्या जन्माची एक कथा गेली काही वर्षे ठाण मांडून बसली आहे. तिचा मजकूर थोडक्यात असा: जर्मनीहून आलेला लेव्ही स्ट्रॉस नावाचा एक कफल्लक तरुण सोने खणण्यासाठी कॅलिफोर्नियाला गेला. सोने हाती लागले नाही, म्हणून तो तंबूचे कापड विकू लागला, तेही खपेना. तेव्हा एक खाणकामगार त्याला म्हणाला की तंबू कशाला आणलेस, न फाटणारी विजार आणायची होतीस. तरुणाने तिथल्या तिथे तंबूचे कापड बेतले, विजार शिवली आणि १८५३ साली जगातली पहिली जीन्स जन्माला आली. पुढे त्याने खिशांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे टिकलीसारखे बसणारे खिळे, ठोकण्याची युक्ती काढली, जीन्सचे पेटंट घेतले आणि तो अब्जाधीश झाला. या कथेच्या काही प्रतींना आणखी दोन शेपटे जोडलेली असतात. एकात ते कापड आपल्या मुंबईच्या डोंगरीहून गेल्याचे सांगितलेले असते, तर दुसऱ्यात न्यूयॉर्कचे मेसीज हे अवाढव्य दुकानही याच स्ट्रॉस घराण्याचे असल्याचे.

कथा ऐकायला गोड आहे, त्यामुळे ती पुढे ढकलताना कोणाचाच अंगठा अडखळत नाही. आमच्या कुटुंबाच्या गटावर ती तिसऱ्यांदा आली तेव्हा मी चार ओळींचे उत्तर लिहायला घेतले आणि ते लांबत गेले. चूक केवळ सनावळीची असती तर एवढा खटाटोप केला नसता. या कथेने दोन माणसांची कर्तबगारी एकाच माणसाच्या नावावर चढवली आहे आणि ज्याने प्रत्यक्ष कात्री हातात धरली त्या शिंप्याला मजकुरातून साफ वगळले आहे. म्हणून तिचे एकेक विधान वेगळे काढून पाहणे भाग आहे.

कफल्लक तरुण एकटाच सोने खणायला गेला, हे पहिले विधान. लेव्ही यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८२९ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील बुटेनहाइम या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव लोब. वडील हिर्श गावोगाव फिरून कापड आणि किरकोळ जिन्नस विकत असत. त्या काळी बव्हेरियात १८१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक ठिकाणच्या ज्यू कुटुंबांची संख्या ठरवून टाकलेली होती आणि नोंदवहीतला एखादा क्रमांक मोकळा झाल्याशिवाय तरुण मुलाला लग्न करून नवे बिऱ्हाड थाटण्याची परवानगी मिळणे कठीण असे. तिथून अमेरिकेकडे जाणाऱ्या ज्यू तरुणांची रीघ लागली होती, तिला गरिबीइतकाच हा कायदाही कारण होता. हिर्श यांना पहिल्या पत्नीपासून झालेले योनास आणि लुई हे दोन मुलगे आधीच न्यूयॉर्कला जाऊन कापडाच्या धंद्यात स्थिरावले होते. १८४६ मध्ये हिर्श क्षयाने वारले आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच लेव्हींच्या आई रिबेकाबाई या लेव्ही आणि त्यांच्या बहिणींना घेऊन अमेरिकेला गेल्या. अठरा-एकोणीस वर्षांचे लेव्ही न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले तेव्हा खिसा हलका असेलही, पण शहरात सावत्र भावांचे चालते दुकान होते. गरीब असणे आणि निराधार असणे यांत फार अंतर आहे, आणि स्फूर्तिकथेला ते अंतर परवडत नाही.

कॅलिफोर्नियात सोने सापडले ते जानेवारी १८४८ मध्ये. जगभरचे हौशे-नवशे तिकडे धावले ते १८४९ मध्ये. लेव्ही निघाले ते थेट १८५३ मध्ये, आणि तेही जानेवारीत अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर. जहाजाने पनामापर्यंत, तिथली चिंचोळी भूमी ओलांडून पुन्हा जहाजाने, असा प्रवास करून ते मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. तोवर नदीच्या वाळूत हात घालावा आणि सोन्याचे कण लागावेत असे दिवस सरत आले होते. लेव्ही यांच्या सामानात फावडे नव्हते, कारण ते खणायला आलेच नव्हते. भावांच्या पेढीची पश्चिम किनाऱ्यावरची शाखा उघडायला आले होते. न्यूयॉर्कहून भाऊ जहाजाने माल धाडत: तयार कपडे, ब्लँकेटे, रुमाल, छत्र्या, कापडाचे गठ्ठे. लेव्ही तो उतरवून घेत आणि खाणींच्या आसपास वसलेल्या गावांतल्या लहान दुकानदारांना घाऊक भावाने विकत. बहीण फॅनी आणि तिचे यजमान डेव्हिड स्टर्न हेही पुढे सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि धंद्यात सामील झाले. ‘एकट्याच्या जिद्दीची कथा’ म्हणून जी सांगितली जाते ती मुळात एका एकत्र कुटुंबाच्या पेढीची कथा आहे, आणि हे आपल्याकडच्या व्यापारी घराण्यांत वाढलेल्या कोणालाही चटकन उमगावे.

या पेढीची ऐपत किती वाढली होती याचा अंदाज एका अपघातावरून येतो. सप्टेंबर १८५७ मध्ये ‘सेंट्रल अमेरिका’ नावाचे जहाज कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे जाताना वादळात बुडाले, शेकडो माणसे दगावली. त्या जहाजावर लेव्ही यांनी न्यूयॉर्कच्या भावांकडे पाठवलेले सुमारे ७६ हजार डॉलर किमतीचे सोने होते. एवढा फटका बसूनही पेढी उभी राहिली; १८६३ मध्ये तिचे नाव लेव्ही स्ट्रॉस अँड कंपनी झाले आणि १८६६ मध्ये ती बॅटरी स्ट्रीटवरच्या प्रशस्त जागेत गेली. रिव्हेट ठोकलेली एकही विजार बाजारात येण्याआधी लेव्ही शहरातले प्रतिष्ठित व्यापारी झालेले होते. जीन्समुळे ते श्रीमंत झाले हे अर्धेच खरे. ते आधीच सधन आणि पतदार होते म्हणून जीन्स उभी राहू शकली, हे दुसरे अर्धे.

दुसरे विधान तंबूच्या कापडाचे. संपूर्ण कथेचा प्राण त्यात असल्यामुळे त्यापाशी जरा थांबायला हवे. १८५३ मध्ये लेव्ही यांनी तंबूचे कापड कापून विजार शिवली किंवा शिवून घेतली, असे सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही: जाहिरात नाही, बिल नाही, पत्र नाही. लेव्ही शिंपी नव्हते. त्यांचा धंदा तयार माल आणून विकण्याचा होता, आणि विजारी हव्याच असत्या तर त्या न्यूयॉर्कहून गठ्ठ्यांनी मागवण्याची सोय त्यांना होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदामात बसून त्यांनी कापड बेतत बसावे याला काही कारण नव्हते. कंपनीच्या स्वतःच्या इतिहासकारांनीही ही गोष्ट खरी नसल्याचे कैक वर्षांपूर्वीच स्पष्ट केले आहे. गंमत अशी की विसाव्या शतकात कंपनीच्याच प्रसिद्धिसाहित्याने ती गोष्ट आनंदाने मिरवली होती.

इथे कोणी २०२२ ची बातमी पुढे करील, म्हणून तिचाही विचार करू. वर उल्लेख केलेल्या ‘सेंट्रल अमेरिका’ जहाजाच्या अवशेषांत एका प्रवाशाची पेटी सापडली होती आणि तिच्यात जाड पांढऱ्या कापडाची, पाच गुंड्यांची एक कामकरी विजार होती. डिसेंबर २०२२ मध्ये तिचा लिलाव होऊन १ लाख १४ हजार डॉलर किंमत आली, आणि ती लेव्ही यांच्या पेढीची, म्हणून ‘जगातली सर्वांत जुनी जीन्स’ असावी, असा गाजावाजा झाला. कंपनीच्या इतिहासकारांनी तो लगेच अमान्य केला. त्या विजारीवर कंपनीची कोणतीही खूण नाही, तिला रिव्हेट नाहीत, आणि तिचे कापड निळे डेनिम नाही. १८५७ च्या आधी कॅलिफोर्नियात कोणीतरी जाड कापडाची विजार घालत होते, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते, आणि ते कोणी नाकारलेलेच नव्हते. जाडीभरडी विजार ही काही कोणा एकाची शोधून काढलेली वस्तू नाही; कष्टकरी ती आधीपासून घालतच होते.

मग तंबू कथेत शिरले कुठून? माझ्या मते त्याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोत नाही. ते सिएरा नेवाडा डोंगर ओलांडल्यावर नेवाडा राज्यातल्या रीनो या रेल्वेगावात आहे. वर सांगितलेला लिलाव झाला तोही नेमका रीनोतच. याच गावात जेकब डेव्हिस नावाचे शिंपी राहत होते, आणि ते खरोखरच तंबू शिवत.

तिसरे विधान, म्हणजे रिव्हेटची युक्ती लेव्हींची, हे मला सर्वांत जास्त खटकते. जेकब डेव्हिस यांचा जन्म १८३१ मध्ये रशियन साम्राज्यातील रिगा इथे झाला. मूळ आडनाव यूफेस. तेही ज्यू, तेही स्थलांतरित. १८५४ मध्ये अमेरिकेत येऊन, मधली काही वर्षे कॅनडात काढून, बिअरच्या धंद्यात पैसे घालून पाहून अखेर ते रीनोत पुन्हा आपल्या मूळ कसबाकडे, शिवणकामाकडे वळले. रेल्वेवरच्या कामगारांसाठी ते तंबू, घोड्यांच्या झुली आणि मालवाहू घोडागाड्यांवर घालायची आच्छादने शिवत. झुलींचे पट्टे नुसत्या दोऱ्याने टिकत नाहीत, म्हणून त्यांना ते तांब्याचे रिव्हेट ठोकत. लागणारे कापड ते विकत घेत ते सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉस अँड कंपनीकडून.

१८७०-७१ च्या हिवाळ्यात एक बाई त्यांच्या दुकानात आली. तिचा नवरा लाकूडतोड्या होता, अंगाने आडदांड, आणि त्याला तयार विजार अंगाला बसत नसे. जी बसे ती टिकत नसे. तिने तीन डॉलर आगाऊ दिले आणि मजबूत विजार शिवून मागितली. डेव्हिस यांनी पांढरे डक कापड घेतले. डक म्हणजे तंबूंना आणि गाड्यांच्या आच्छादनांना वापरतात ते घट्ट विणीचे जाड सुती कापड. विजार शिवून झाली तेव्हा झुलींसाठी आणलेले रिव्हेट टेबलावरच पडलेले होते. विजारी नेहमी खिशाच्या कोपऱ्यांत उसवतात हे शिंपी असल्यामुळे त्यांना ठाऊक होते. त्यांनी त्या कोपऱ्यांवर रिव्हेट ठोकून दिले. हे सारे डेव्हिस यांनी स्वतः १८७४ मध्ये पेटंटच्या एका खटल्यात साक्ष देताना सांगितले आहे.

ही साक्ष वाचली की त्यात चमत्कार नाही हेच तिचे वैशिष्ट्य ठरते. स्वतःच्या शर्टाचा किंवा विजारीचा खिसा पाहावा. हात आत-बाहेर करताना, खिशात जड वस्तू ठेवून वाकताना, सगळा ताण खिशाच्या तोंडाच्या दोन टोकांवर येतो, आणि टाका तिथूनच सुटायला लागतो. दोरा कितीही जाड घेतला तरी तो एका रेषेत ओढला जातो. धातूचा रिव्हेट कापडाचे थर दोन्ही बाजूंनी चिमटून धरतो आणि ताण गोल टिकलीभर पसरवतो. ही गोष्ट ज्याने शेकडो फाटके खिसे दुरुस्त केले आहेत त्याच्याच हाताला सुचू शकते. गठ्ठ्यांनी माल उतरवणाऱ्या आणि हुंड्या-पावत्या पाहणाऱ्या व्यापाऱ्याला ती सुचण्याचा संभव कमी, आणि लेव्ही यांनीही आपल्याला ती सुचल्याचा दावा केल्याचे कुठे दिसत नाही. त्यांच्या नावावर तो दावा आपण, म्हणजे नंतरच्या लोकांनी, केला आहे.

लाकूडतोड्याच्या विजारीची कीर्ती पसरली आणि पुढच्या दीडेक वर्षात डेव्हिस यांनी रिव्हेटच्या सुमारे दोनशे विजारी विकल्या. काही पांढऱ्या डकच्या, काही निळ्या डेनिमच्या. आजूबाजूचे शिंपी नक्कल करू लागतील अशी चिन्हे दिसू लागली. पेटंट घ्यावे तर त्याचा खर्च ६८ डॉलर, आणि आधीच्या खटपटींत पैसे गेलेले असल्यामुळे हा नवा खर्च बायकोला मान्य नव्हता. जुलै १८७२ मध्ये त्यांनी आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला, लेव्ही यांच्या पेढीला, एक पत्र पाठवले आणि सोबत एक डकची व एक निळी अशा दोन विजारी नमुन्यादाखल धाडल्या. पत्रातले इंग्रजी अशुद्धलेखनाने भरलेले आहे. ‘रिव्हेट’ हा शब्दसुद्धा धड लिहिलेला नाही. पण व्यवहार स्वच्छ मांडलेला आहे: या विजारींचे गुपित खिशांच्या रिव्हेटांत आहे, मागणी एवढी आहे की शिवून पुरे पडत नाही, डकची तीन डॉलरला आणि निळी अडीच डॉलरला जाते, शेजारचे जळू लागले आहेत, तुम्ही खर्च करून माझ्या नावाने पेटंट घ्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या राज्यांत विक्रीचा निम्मा हक्क घ्या.

लेव्ही यांचे खरे कर्तृत्व मला इथे दिसते. दूरच्या गावातल्या एका फुटकळ गिऱ्हाइकाचे चुकांनी भरलेले पत्र त्यांच्या पेढीने बाजूला टाकले नाही. नमुने पाहिले, वकील गाठला आणि अर्ज केला. अर्ज पहिल्या खेपेस मंजूर झाला नाही, कारण सैनिकांच्या बुटांत रिव्हेट आधीपासून वापरात होते. हक्काचा दावा आवळून पुन्हा मांडावा लागला आणि २० मे १८७३ रोजी पेटंट क्रमांक १,३९,१२१ मिळाले. ते संशोधक म्हणून जेकब डेव्हिस यांच्याच नावे आहे. हक्क मात्र डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस अँड कंपनी यांच्यात वाटलेला. कंपनीने डेव्हिस यांना सॅन फ्रान्सिस्कोला बोलावून घेतले आणि उत्पादनाची देखरेख त्यांच्याकडे सोपवली. सुरुवातीला विजारी घरोघरच्या शिवणाऱ्या बायकांकडून शिवून घेतल्या जात; मागणी वाढली तसा कारखाना निघाला. ज्यांना वीस वर्षे आपण घाऊक व्यापारी म्हणून पाहिले ते लेव्ही वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी उत्पादक झाले, ते असे.

आता थोडक्यात आटोपण्याजोगी विधाने. ‘जीन्सचे पेटंट’ असे काही नव्हते. त्या पेटंटाचे शीर्षक खिशांच्या तोंडांच्या जोडणीतील सुधारणा असे आहे. विजारीचा आकार, कापड, रंग यांपैकी कशावरही त्यात हक्क सांगितलेला नाही. सतरा वर्षांची मुदत १८९० मध्ये संपली आणि मग कोणीही रिव्हेट ठोकू शकत होता; कंपनीच्या विजारीचा ५०१ हा प्रसिद्ध क्रमांकही प्रथम त्याच सुमारास आला. ‘जीन्स’ हे नावही लेव्हींनी दिलेले नाही. त्यांच्या हयातीत आणि नंतरही पुष्कळ काळ कंपनी त्या विजारीला ‘वेस्ट ओव्हरऑल’, म्हणजे कमरेपर्यंतचे ओव्हरऑल, म्हणत असे. लोकांच्या तोंडी रुळलेला ‘जीन्स’ शब्द कंपनीने स्वीकारला तो १९६० च्या आसपास. शिवाय जीन आणि डेनिम ही मुळात दोन निराळी कापडे. जीनमध्ये ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही एकाच रंगाचे असत. डेनिममध्ये ताणा निळीत रंगवलेला आणि बाणा पांढरा. आपल्या जीन्सचा पायचा दुमडून आतली बाजू पाहिली की ती पांढुरकी दिसते, ते या पांढऱ्या बाण्यामुळे. नाव जीनचे आणि कापड डेनिमचे, असा हा प्रकार आहे.

डोंगरीचे शेपूट आपल्या अभिमानाशी बांधलेले असल्यामुळे ते कापताना हात जड होतो, पण कापायला हवे. यात खरे काय आहे ते आधी सांगतो. मुंबईच्या कोटाजवळच्या डोंगरी भागावरून ओळखले जाणारे एक जाडेभरडे, स्वस्त सुती कापड होते. ते इंग्रज व्यापाऱ्यांनी नेले, सतराव्या शतकातच त्याचे नाव इंग्रजीत शिरले, आणि शब्दकोशांत ते आजही आहे. गॅरेजमधला मेकॅनिक अंगात चढवतो ती डंगरी याच शब्दाची परत आलेली भाची आहे, आणि ही गोष्ट आपण जरूर सांगावी. परंतु लेव्ही यांच्या रिव्हेटच्या विजारींचे डेनिम डोंगरीहून गेलेले नाही. ते न्यू हॅम्पशर राज्यातील मँचेस्टर गावच्या अमोस्केग गिरणीत विणलेले होते. डेव्हिस यांच्या ज्या विजारीपासून सारे सुरू झाले ती तर निळीदेखील नव्हती. एका शब्दाचा प्रवास आणि एका मालाचा प्रवास या वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द आपला होता म्हणून गठ्ठाही आपलाच असला पाहिजे, असे होत नाही.

मेसीजचे शेपूट तर निव्वळ आडनावाच्या सारखेपणातून उगवले आहे. देवनागरीत दोघांचेही आडनाव ‘स्ट्रॉस’ असेच लिहिले जाते, पण रोमन लिपीत मेसीजवाल्यांच्या नावात शेवटी एकच ‘एस’ आहे आणि लेव्हींच्या नावात दोन. लाझारस स्ट्रॉस हे ऱ्हाइनच्या पश्चिमेकडील ओटरबर्गचे. १८५० च्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेत आले आणि दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात त्यांनी दुकान मांडले. यादवी युद्धानंतर हे कुटुंब न्यूयॉर्कला आले, आणि १८७४ मध्ये त्यांनी मेसीजच्या दुकानात चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचा विभाग चालवायला घेतला. लाझारस यांचे मुलगे इसिडोर आणि नेथन १८८८ मध्ये मेसीजचे भागीदार आणि त्या शतकाच्या अखेरीस पूर्ण मालक झाले. दुकान स्थापन केले होते ते रोलंड मेसी यांनी, १८५८ मध्ये, आणि ते स्थलांतरित नव्हते, मॅसॅच्युसेट्समधल्या नँटकेट बेटावरचे होते. १९१२ मध्ये टायटॅनिकवर पत्नी आयडासह बुडाले ते इसिडोर स्ट्रॉस याच घरातले. बुटेनहाइमच्या लेव्हींचा या कुटुंबाच्या दुकानाशी संबंध नाही. लेव्हींची पेढी घाऊक व्यापाराची होती, तिथे जाऊन कोणी एक रुमाल घेऊन येत नसे. काउंटरवर गिऱ्हाइकाला विजार विकणारे वेगळेच दुकानदार असत.

‘अब्जाधीश’ हा शब्दही सैल हाताने टाकलेला आहे. लेव्ही यांचे निधन २६ सप्टेंबर १९०२ रोजी झाले तेव्हा त्यांच्या मालमत्तेचा अंदाज साठ लाख डॉलरच्या आसपास होता. त्या काळच्या मानाने ही प्रचंड संपत्ती, पण अब्ज नव्हे. ती केवळ विजारींतूनही आलेली नव्हती: १८७५ मध्ये त्यांनी भागीदारांसह सॅन फ्रान्सिस्कोतली लोकरीची गिरणी घेतली होती, बँका आणि विमा यांच्या संचालक मंडळांवर ते होते. लग्न त्यांनी केले नाही. कंपनी गेली ती फॅनीच्या चार मुलांकडे, म्हणजे जेकब, सिग्मंड, लुई आणि अब्राहम या स्टर्न भाच्यांकडे. १८९७ मध्ये लेव्ही यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २८ शिष्यवृत्त्या ठेवल्या, आणि मृत्युपत्रात ज्यू, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा तिन्ही पंथांच्या अनाथालयांना देणग्या दिल्या. या गोष्टी पूर्णतः खऱ्या असून स्फूर्तिकथेत मात्र कधी दिसत नाहीत, याचे मला नवल वाटते.

आणि कथेत न दिसणारी एक गोष्ट अशीही आहे, जी गौरवाची नाही. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात चिनी कामगारांविरुद्ध द्वेषाची लाट होती. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी कामगारांना देशात येण्यास बंदी करणारा कायदाच केला. त्या वातावरणात लेव्ही स्ट्रॉस अँड कंपनी आपला माल केवळ गोऱ्या कामगारांनी बनवलेला आहे अशी जाहिरात करत होती. हा शोधून काढलेला आरोप नव्हे. ते विजारीवरच छापलेले आहे. जुन्या खाणीत सापडलेली त्या दशकातली एक जीन्स ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोतील लिलावात ८७ हजार डॉलरहून अधिक किमतीला गेली, आणि तिच्या खिशाच्या आतल्या कापडावर ही ओळ स्पष्ट वाचता येते. बव्हेरियात नोंदवहीतल्या क्रमांकाअभावी ज्यांच्यासारख्यांना घर सोडावे लागले, त्यांच्याच पेढीने दुसऱ्या स्थलांतरितांना दारात उभे न करण्याची हमी गिऱ्हाइकांना दिली होती. कंपनीने हे धोरण पुढे सोडले. पण ‘स्थलांतरिताची यशोगाथा’ म्हणून हे चरित्र सांगायचे असेल तर खिशाचे अस्तरही उलटून दाखवावे लागेल.

एवढी सगळी माहिती हाती असताना तंबूची गोष्ट का टिकली, याचे एक कारण अगदी भौतिक आहे. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली, आणि बॅटरी स्ट्रीटवरची कंपनीची इमारत कागदपत्रांसह जळून गेली. पहिल्या अर्धशतकाच्या वह्या, पत्रे, नमुने गेले. रिकाम्या जागेत सांगोवांगी शिरली, आणि जाहिरातदारांना ती सोयीची वाटली: एक माणूस, एक क्षण, एक कापड. डेव्हिस यांची साक्ष बचावली ती केवळ ती कंपनीच्या कपाटात नव्हती, न्यायालयाच्या दप्तरात होती, म्हणून.

जेकब डेव्हिस आयुष्याच्या अखेरपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले आणि १९०८ मध्ये वारले. कंपनीच्या विजारींवरचे तांब्याचे रिव्हेट आजही पाहता येतात. भिंग लावले तर त्यांच्या कडेने कंपनीच्या नावाची आणि शहराची आद्याक्षरे कोरलेली दिसतात. त्यांत ‘एल’ आहे, ‘एस’ आहे, सॅन फ्रान्सिस्को आहे. ‘डी’ नाही.